रडारच्या चित्रातले उपरे पट्टे : पुसायचे कुठे, थांबायचं कुठे

आखाताकाठची · १४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी मस्कतला असते. उपग्रहावरच्या रडारने टिपलेली समुद्राची चित्रं बघून त्यात तेलाचा तवंग कुठे आहे ते शोधणं, हे माझं रोजचं काम. तवंग रडारला काळा दिसतो. तेलामुळे पाण्यावरच्या बारीक लहरी दबतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रडारची लहर आरशावरून जावी तशी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही. आजूबाजूचं पाणी राखाडी, तवंग काळा.

मागच्या महिन्यात पर्शियन आखातात असाच एक तवंग सापडला. लांबट, शेपटीसारखा, चालत्या जहाजाने टाकी धुवून पाणी सोडलं की होतो तसा. पण त्याच्या मधून एक पांढुरका पट्टा गेला होता, चित्राच्या या कडेपासून थेट त्या कडेकडे. आमच्या प्रोग्रामने पट्ट्याच्या वरचा तुकडा एक आणि खालचा दुसरा, असे दोन तवंग मोजले. मी नजरेखालून घातलं होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही आणि नकाशा तसाच पुढे गेला. दोन दिवसांनी विचारणा आली, दोन तवंग म्हणजे दोन जहाजं का? तवंग एकच असावा. त्या पट्ट्यामुळे कागदावर बहुधा एक गुन्हेगार वाढला होता. तेव्हापासून या पट्ट्यांच्या मागे लागले आहे, आणि जे समजलं ते इथे मांडते.

आधी पट्टा म्हणजे काय ते. मी वापरते ती चित्रं युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ ची. पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये वर गेला, डेटा कुणालाही फुकट मिळतो. जमिनीपासून ६९३ किलोमीटर उंचीवरून तो ५.४०५ गिगाहर्ट्झच्या लहरी तिरक्या खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. ढग असो, रात्र असो, फरक पडत नाही.

आता अशी कल्पना करा. तुम्ही सह्याद्रीत एका कड्यावर उभे आहात, समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारताय आणि प्रतिध्वनी ऐकताय. तुमचा आवाज तिथवर जाणार, पसरणार, दगडात थोडा जिरणार, उरलेला परत येताना पुन्हा पसरणार. कानावर येतं ते अगदी क्षीण. नेमक्या त्याच वेळी समोरच्या कड्यावरून दुसऱ्याच कुणीतरी साधी हाक मारली, तर? तिला फक्त एकदाच अंतर कापायचं आहे. ती तुमच्या प्रतिध्वनीला सहज बुडवते. सेंटिनेलची हाक सुमारे ४ किलोवॅटची असते, पण जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून परतते तेव्हा तिच्यात जवळजवळ काही उरत नाही. जमिनीवरचं एखादं रडार त्याच फ्रिक्वेन्सीवर चालू असेल तर त्याच्या लहरी एकाच फेरीत वर पोचतात. हाच तो बाहेरचा व्यत्यय. आमच्या कामात त्याला आरएफआय म्हणतात.

आणि तो ठिपका न दिसता पट्टा का दिसतो? रडार अंतर ओळखतं ते स्वतःची हाक ओळखून. सेंटिनेल जी लहर सोडतो तिची फ्रिक्वेन्सी सुमारे ५० मायक्रोसेकंदांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते. तिला चर्प म्हणतात. परत आलेल्या आवाजात संगणक तोच सरकता सूर शोधतो, आणि जिथे जुळतो तिथे ठिपका काढतो. उपरा आवाज कुठेच नीट जुळत नाही, म्हणून त्याची शक्ती त्या क्षणाच्या सगळ्या अंतरांवर फासली जाते. उपग्रहाच्या वाटेला काटकोनात, पट्टाभर.

यातून एक गंमत निघते. उपग्रह सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे. दोन्ही वाटा किंचित तिरक्या, त्यामुळे सकाळचा पट्टा एका अंगाला कललेला आणि संध्याकाळचा दुसऱ्या. एकावर एक ठेवले की पसरट फुली होते आणि फुलीच्या मध्याजवळ त्या आवाजाचा मालक बसलेला असतो. २०१८ मध्ये इस्रायलच्या हारेल दान यांनी अशाच फुल्या पाहून पश्चिम आशियातल्या पेट्रियट क्षेपणास्त्रांच्या रडारकडे बोट दाखवलं होतं. आखातावर काम करणाऱ्यांना हे पट्टे नवे नाहीत, ते यामुळेच.

आता मुद्दा. पट्टे काढायचे कसे? माझी आजवरची पद्धत अशी : तयार चित्र घ्यायचं, पट्ट्यातली उजळी शेजारच्या पाण्याइतकी खाली आणायची, वर थोडं गुळगुळीत करायचं. चित्र छान दिसतं. पण मागच्या महिन्याच्या प्रसंगानंतर मी तेच चित्र पुन्हा उघडून पट्ट्याच्या आतले आकडे एकेक करून पाहिले. तिथे तवंग नव्हताच. म्हणजे समुद्रात असेलही, पण माझ्या आकड्यांत नव्हता. पट्ट्याचा आवाज इतका मोठा की काळं पाणी आणि राखाडी पाणी यांतला फरकच त्याखाली गेला. मी उजळी कितीही खाली आणली तरी गेलेला फरक परत येत नाही. चित्र तयार झाल्यावर केलेली सफाई ही रंगसफेदी आहे, असं माझं मत झालं आहे. खरी सफाई त्याआधी, कच्च्या प्रतिध्वनीवर व्हायला हवी.

इथे कुणी कच्च्या डेटावर काम केलं आहे का? किती साफ होतं, आणि साफ करताना सोबत काय जातं?

पंचगंगाकाठ · १४ ऑक्टोबर, रात्री १०:२५

ताई, धागा वाचतोय आणि थोडा हादरलोय. मी कोल्हापूरचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आम्ही काही मित्र सेंटिनेल-१ वरून पुराचे नकाशे काढायला शिकलो. पावसाळ्यात आमच्याकडे आठवडाभर ढग हलत नाहीत, साध्या उपग्रहचित्रात नुसता कापूस दिसतो, म्हणून रडार. पुराचं पाणीही काळंच दिसतं. मग असा पट्टा शेतातल्या पाण्यावरून गेला तर ते गाव नकाशावर कोरडं दिसेल ना? आम्ही पुराआधीचं आणि पुरातलं चित्र एकमेकांतून वजा करतो, त्याने हे सुटतं का?

आखाताकाठची · १४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

@पंचगंगाकाठ, नाही सुटत. पट्टा दोनांपैकी एकाच चित्रात असेल तर वजाबाकीत तो जास्तच ठळक होतो. कोरडं दिसेल हे तुमचं म्हणणं बरोबर. एक करा, व्हीएच आणि व्हीव्ही दोन्ही चित्रं वेगवेगळी बघा (उभी लहर सोडून परतणारी आडवी ऐकली ते व्हीएच, उभीच ऐकली ते व्हीव्ही). व्हीएचमध्ये जमिनीचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण असतो, त्यामुळे उपरा आवाज तिथे आधी डोकं वर काढतो. व्हीएचमध्ये सरळ कडांचा, शेतं-रस्ते-नदी कशाचीच पर्वा न करणारा पट्टा दिसला की ते चित्र बाजूला ठेवा.

वायरलेसवाला_पुणे · १४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

चांगला विषय. मी पंचवीस वर्षं वायरलेस नेटवर्कच्या धंद्यात आहे, दुसऱ्या बाजूने लिहितो. आवाज साफ करण्याआधी तो होऊच नये यासाठी काय केलेलं असतं, तेही बघायला हवं.

आपल्या घरातला ५ गिगाहर्ट्झचा वायफाय. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचे मोठे तुकडे विनापरवाना वापरासाठी खुले केले : ५१५० ते ५३५० मेगाहर्ट्झ, मग ५४७० ते ५८७५. मधली ५३५० ते ५४७० ही फट सोडली. सेंटिनेल-१ चा मध्य ५४०५, म्हणजे तो बरोबर त्या फटीत बसतो. आपल्या इस्रोचा रडार-उपग्रह ईओएस-०४ सुद्धा त्याच परिसरात आहे. ही फट वायफायला द्यावी का, यावर २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत बराच खल झाला आणि शेवटी ती दिली नाही. या निर्णयाची बातमी कुठे पहिल्या पानावर आली नव्हती, पण तुमचा पुराचा नकाशा त्यावर उभा आहे.

अशी वाटणी पाळली नाही तर काय होतं ते हवामान रडारवाल्यांना विचारा. २००९ मध्ये पोर्तो रिकोत सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारवर किरणांसारख्या रेघा उमटू लागल्या. शोध घेतला तेव्हा ५ गिगाहर्ट्झची बाहेर लावलेली वायरलेस उपकरणं सापडली, हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये बोलणारी. रडार ऐकू आलं की आपण होऊन चॅनल सोडायची सोय अशा उपकरणांत असावी लागते. सेटिंगमध्ये देश चुकीचा निवडला किंवा ती सोय बंद केली की झालं. गच्चीवर लांब पल्ल्याची लिंक लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, देश 'भारत' हाच ठेवा. एका खोक्याने काय होतंय, असं मनात आणू नका.

खोडदचा_मास्तर · १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

माझी शाळा जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आमच्या शेजारी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला पोरांना घेऊन जातो. तिथल्या अभियंत्यांचं दुखणं आणि आखाताकाठच्या ताईंचं दुखणं एकच आहे, म्हणून लिहितो. त्यांच्याकडे तर स्वतःची हाकही नसते, नुसतं ऐकायचं. आकाशातून येणारा आवाज आणि विजेच्या तारेवरची ठिणगी, दोन्ही एकाच अँटेनात शिरतात.

विजेच्या तारांचे सैल जोड, तडकलेले इन्सुलेटर यांतून बारीक ठिणग्या उडतात. एकेक ठिणगी क्षणभराची, पण तिचा आवाज सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम पसरतो. यावर त्यांनी सुधारित दुर्बिणीत यंत्रणा बसवली आहे. आकडे साठवायच्या आधीच, वाहत्या प्रवाहात, मर्यादेबाहेर उसळलेले आकडे पकडायचे आणि बदलून टाकायचे. मर्यादा ठरवताना सरासरी वापरत नाहीत, मध्यक वापरतात. हे मला फार आवडलं आणि मी ते आठवीच्या वर्गात शिकवतो.

दहा शेतकरी घ्या. नऊ जणांकडे दोन-दोन एकर, एकाकडे १०२ एकर. सरासरी निघते १२ एकर. गावात १२ एकरवाला एकही माणूस नाही! रांगेत उभे करून मधल्याला विचारलं तर तो दोन एकर सांगतो, आणि ते खरं आहे. आता १०२ च्या जागी हजार एकर करा, मधला माणूस तरीही दोनच सांगणार. ठिणगी म्हणजे तो १०२ एकरवाला. सरासरीवर मर्यादा ठरवली तर ठिणगीच स्वतःची मर्यादा वर ढकलते आणि सुटून जाते. मध्यकाला ती हलवू शकत नाही.

आणि ताई, तुम्ही विचारलंत सोबत काय जातं. किती टक्के आकडे बदलले याची मोजदादही तिथे ठेवतात. मला वाटतं तुमच्या उत्तराची सुरुवात तिथे आहे.

तिरपी_रेघ · १५ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

मास्तर, साष्टांग. मध्यक इतका सोपा करून मला कॉलेजातही कुणी सांगितला नव्हता.

@आखाताकाठची, मी कच्च्या सार-डेटावर काम केलंय (सार म्हणजे सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार), त्यामुळे तुमच्या प्रश्नाला लांब उत्तर देतो.

कच्च्या डेटाची एक ओळ घ्या, म्हणजे एका हाकेनंतर ऐकलेला सगळा आवाज. तिचं फूरिये रूपांतर करून, म्हणजे आवाजात कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते वेगळं काढून, आलेख काढा. नुसता जमिनीचा प्रतिध्वनी असेल तर आलेख पठारासारखा दिसतो. चर्पने सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच वापरलेल्या असतात, म्हणून माथा सपाट आणि दोन्ही बाजूंनी कडे. व्यत्यय असेल तर त्या पठारावर एक सुळका उभा दिसतो. मी पहिल्यांदा असा आलेख काढला तेव्हा सुळका इतका उंच होता की पठार तळाशी एका रेघेसारखं चेपलं गेलं होतं, मला वाटलं डेटाच रिकामा आहे. उभा अक्ष डेसिबलमध्ये घेतल्यावर पठार दिसलं.

सर्वात जुना उपाय म्हणजे नॉच फिल्टर : सुळका जिथे आहे तेवढ्या फ्रिक्वेन्सी शून्य करा. पठाराला खाच पडते. मर्यादा मास्तरांच्या मध्यकाने ठरवा. खाच अरुंद असेल, समजा ४८ मेगाहर्ट्झच्या पठारात दोनची, तर फारसं बिघडत नाही. चार टक्के गेलं. पण तेवढ्या खाचेनेही प्रत्येक चमकदार वस्तूच्या दोन्ही बाजूंना फिकट भुतं वाढतात. समुद्रावर तुम्हाला ती जहाजाच्या शेजारी दिसतील, एका रेषेत. खाचा जास्त आणि रुंद झाल्या की चित्रातला बारकावा जातो, वस्तू पसरट दिसू लागतात.

आखातातली गोष्ट मात्र याहून अवघड. तिथला व्यत्यय दुसऱ्या रडारचा असतो, आणि तेही बऱ्याचदा चर्पच सोडतं. त्याची फ्रिक्वेन्सीही सरकते, त्यामुळे पूर्ण ओळीचं रूपांतर केलं तर सुळका दिसतच नाही, सगळं पठार थोडंथोडं फुगतं. मग ओळीचे छोटे तुकडे करून एकेकाचं रूपांतर करायचं आणि शेजारी शेजारी मांडायचं. आडवा अक्ष वेळ, उभा फ्रिक्वेन्सी. या मांडणीत उपरं रडार तिरप्या रेघेसारखं स्वच्छ उठून दिसतं. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. फक्त ती रेघ कापायची, आजूबाजूचं ठेवायचं. सगळी ओळ फेकण्यापेक्षा कितीतरी कमी नुकसान होतं.

तिसरी तऱ्हा एका ओळीऐवजी लागोपाठच्या अनेक ओळी एकत्र बघण्याची. उपरा आवाज त्या सगळ्यांत एकाच साच्याचा असतो, जमिनीचा प्रतिध्वनी मात्र शेकडो साच्यांत विखुरलेला. गणिताने सगळ्यात जोरदार दोन-चार साचे वेगळे काढले की त्यात बहुतांश व्यत्यय जातो. नासा आणि इस्रोच्या निसार या रडार-उपग्रहाच्या एल-बँड डेटावर प्रक्रिया करणारं आयएससीई-३ सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यात नॉच आणि ही साच्यांची पद्धत, दोन्ही लिहिलेल्या आहेत. वाचून बघा. निसार ३० जुलैला श्रीहरिकोटाहून गेला. त्याचा एल-बँड १.२५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि तिथे विमानांवर नजर ठेवणारी लांब पल्ल्याची रडारं पूर्वीपासून ठाण मांडून आहेत. म्हणून सफाईची तयारी प्रक्रियेतच ठेवावी लागली.

नाशिकचा_हॅम · १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

थोडं अवांतर, पण याच कुटुंबातलं. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. भारतात आम्हाला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतो. २९ एप्रिलला युरोपने बायोमास नावाचा उपग्रह सोडला, जंगलातल्या लाकडाचं वजन मोजायला, तो ४३२ ते ४३८ मध्ये बोलतो. लांब लहर पानांतून आरपार जाते आणि खोड-फांद्यांवरून परतते, म्हणून ही फ्रिक्वेन्सी लागते. पण तिथेच अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारी अमेरिकी लष्करी रडारंही आहेत. त्यामुळे उत्तर अमेरिका आणि युरोपवर बायोमासला हे रडार चालूच करता येत नाही. ज्यांनी बनवला त्यांचीच जंगलं त्याला मोजता येणार नाहीत. व्यत्यय काढायचा एक मार्ग म्हणजे गप्प राहणं, आणि त्याची किंमत एवढी असते.

शिकाऊ_स्नेहल · १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:०५

सगळ्यांना नमस्कार. मी एम.टेक.ला आहे, माझा प्रोजेक्ट डीप लर्निंगने हेच पट्टे काढण्याचा. पट्टे असलेली आणि नसलेली चित्रं दाखवून न्यूरल जाळं (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) शिकवलं की ते पट्ट्याखालचा भाग इतका हुबेहूब भरतं की कुठे होता ते ओळखू येत नाही. कच्चा डेटा उतरवणं, चित्र घडवणं हे सगळं टळतं. ताई, तुमच्या तवंगावरही हे चालेल असं वाटतं.

आखाताकाठची · १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

स्नेहल, तुझा प्रोजेक्ट चांगला आहे आणि तू इथे लिहिलंस याचा आनंद झाला. पण "कुठे होता ते ओळखू येत नाही" याच वाक्याची मला भीती वाटते.

माझंच उदाहरण घे. पट्ट्याच्या वर तवंग, खाली तवंग. तुझं जाळं मध्ये काय भरेल? बहुतेक तवंगच, कारण शिकलेल्या चित्रांत तवंग सलग असतात. माझ्या बाबतीत ते बहुधा बरोबरही ठरलं असतं. पण उद्या खरोखर दोन जहाजांचे दोन तवंग असतील आणि पट्टा नेमका त्यांच्या मधल्या स्वच्छ पाण्यावर असेल, तर? जाळं तेव्हाही तवंगच भरेल आणि एक जहाज सुटेल. दोन्ही वेळी पट्ट्याखालचे आकडे सारखेच निकामी आहेत. जाळ्याला ते कळलेलं नाही, त्याने अंदाज बांधला. आणि अंदाज इतका गुळगुळीत की वाचणाऱ्याला तो अंदाज आहे हे कळायला मार्ग नाही. अशा नकाशावरून कुणाला तरी दंड होतो ग. पंचगंगाकाठ यांच्या नकाशावरून कुठे बोट पाठवायची ते ठरेल.

तिरपी रेघ यांनी सांगितलेल्या कापणीत नुकसान होतं, पण ते मोजता येतं. किती मेगाहर्ट्झ गेले, किती ओळी गेल्या. भरण्यात काय खोटं शिरलं ते मोजायला खरं चित्र हवं, आणि तेच तर आपल्याकडे नसतं.

शिकाऊ_स्नेहल · १५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ताई, यावर दोन तास विचार केला. सरांशीही बोलले. पट्टा नसलेल्या चित्रांवर कृत्रिम पट्टा टाकून आम्ही अचूकता मोजतो, तेव्हा खरं चित्र हाताशी असतं. पण तवंगाच्या मधली फट आमच्या चाचणीत एकदाही नव्हती, हे आज तपासलं तेव्हा कळलं. तशी चित्रं मुद्दाम शोधून घालणार आहे.

मात्र एका ठिकाणी जाळ्याची बाजू घेते. भरण्यासाठी नको, पण शोधण्यासाठी? तिरप्या रेघेच्या मांडणीत ती रेघ कुठून कुठे जाते ते आखून देण्यात जाळं मध्यकाच्या मर्यादेपेक्षा चांगलं ठरतं, विशेषतः रेघ फिकट असताना. कापायचं काम मग साध्या फिल्टरने.

तिरपी_रेघ · १५ ऑक्टोबर, रात्री १०:००

@स्नेहल, याला माझा पूर्ण पाठिंबा. फिकट रेघांवर मर्यादेची पद्धत फसते हे मी भोगलंय. जाळ्याने आखलेली रेघ साठवून ठेव, चित्रासोबत दे. पुढच्या माणसाला पटली नाही तर तो स्वतःची आखेल.

आणि जमीन खचणं मोजणाऱ्यांसाठी एक टीप. दोन तारखांच्या चित्रांची फेज (लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर परतली ते) वजा करताना एका चित्रात खाच पाडली असेल तर तीच खाच दुसऱ्यातही पाडा, तिथे व्यत्यय नसला तरी. नाहीतर दोन चित्रं जमिनीकडे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींनी बघतात आणि जुळणी घसरते. मी हे न करता तीन आठवडे घालवले होते.

पंचगंगाकाठ · १६ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मंडळी, कच्चा डेटा वगैरे आम्हा हौशी लोकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पूर आला की दोन तासांत नकाशा लागतो. आमच्यासारख्याने काय करावं?

तिरपी_रेघ · १६ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

@पंचगंगाकाठ, तुमचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. सेंटिनेल हाक मारतो आणि पहिला प्रतिध्वनी यायला साडेपाच-सहा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो आणखी आठ-दहा हाका मारून मोकळा झालेला असतो. तो चित्र तुकड्यातुकड्यांनी टिपतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला काही क्षण असे असतात, की कान उघडे आहेत पण जमिनीचा आवाज अजून आलेलाच नाही. तेव्हा जे ऐकू येतं ते सगळं उपरं. युरोपीय संस्था ह्या क्षणांचा उपयोग करून व्यत्यय ओळखते, आणि मार्च २०२२ पासून चित्र घडवतानाच तो कमी करते. त्यामुळे त्याआधीच्या चित्रांत पट्टे जास्त दिसतील. तुमची २०१९ ची चित्रं तेव्हाच घडवून ठेवलेली असतील, तर त्यांच्यावर ही सफाई झालेली नाही.

उतरवलेल्या फोल्डरमध्ये 'अ‍ॅनोटेशन' आहे ना, त्यात 'आरएफआय' नावाचा उपफोल्डर बघा. आतल्या फायलींत तुकड्यावार नोंद असते, व्यत्यय सापडला का, किती. नकाशा काढण्याआधी दोन मिनिटं ती उघडायची.

पंचगंगाकाठ · १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

सापडला फोल्डर! इतकी वर्षं डेटा उतरवतोय, तो कधी उघडलाच नव्हता. २०१९ च्या फोल्डरमध्ये तो नाही, २०२४ च्या पावसाळ्यातल्या चित्रांत आहे. जुनी सगळी चित्रं आता व्हीएचमध्ये पुन्हा डोळ्यांखालून घालणार.

आखाताकाठची · १७ ऑक्टोबर, रात्री ८:५५

दोन दिवस लिहायला आले नाही, कारण तोच तवंग पुन्हा घेऊन बसले होते. कच्चा डेटा उतरवला, तिरपी रेघ यांच्या पद्धतीने तुकडे पाडले. रेघा दिसल्या, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. कापल्या. पट्ट्याच्या दोन्ही कडांना तवंग आता आत सरकलेला दिसतो, आधीपेक्षा बराच. मधला थोडा भाग मात्र तसाच आहे, तिथे रेघा इतक्या दाट होत्या की कापल्यावर उरलं काही नाही.

तो भाग मी भरला नाही. सुधारित नकाशा आज पाठवला. त्यात तेवढ्या जागी तिरप्या रेषांची जाळी मारली आहे आणि सूचीत तिच्यासमोर लिहिलं आहे : "बाहेरच्या रेडिओ व्यत्ययामुळे येथे रडारला समुद्र दिसलेला नाही. तवंग एक की दोन, हे या चित्रावरून सांगता येत नाही." समोरून फोन आला, त्या वेळची जहाजांच्या एआयएसची (जहाज आपली जागा आपण होऊन कळवतं ती यंत्रणा) नोंद मागवतो म्हणाले. उद्या ती येईल.